शेळी पाहायला जातो, तसं नाटक पाहायला गेलो

आम्ही मुकुटबनहून बोलतो आहोत, झरी जामणी तालुका, जिल्हा यवतमाळ. मागच्या वेळी आपण बियाण्याच्या कर्जावर बोललो होतो. आजही बोलणं कर्जाचंच आहे, पण कर्ज जरा वेगळं आहे. आमच्या गटानं यंदा एका पोरीला नाटक शिकायला पैसे दिले. हो, बरोबर ऐकलंत, नाटक. विद्यापीठात त्याचा वेगळा विभाग असतो, दोन वर्षांचं एम.ए. असतं. हे कर्ज द्यायचं की नाही यावरून गटात दोन बैठका भांडणात गेल्या. शेवटी आम्ही पाच जणी एसटीत बसून तिकडे गेलो आणि डोळ्यांनी पाहून आलो. काय पाहिलं, काय ठरलं, ते आज सांगतो.

पोरीचं नाव सांगणार नाही, तिच्या आईचंही नाही आणि विद्यापीठाचंही नाही. कुणाचं कर्ज किती हे गटाबाहेर नावानिशी सांगायचं नाही, असा आमचा ठराव आहे. ही गोष्ट सांगायला मात्र त्या मायलेकींनी आनंदानं परवानगी दिली.

तर सुरुवात झाली मागच्या जून महिन्यात. आमच्या गटात बारा जणी. महिन्याची बचत १०० रुपये, बैठक दर ५ तारखेला. जून म्हणजे गटाचा सगळ्यात ओढाताणीचा महिना, हे तुम्हाला सांगायला नको. मृग तोंडावर आलेला, प्रत्येकीचा जीव आभाळात आणि बियाण्याच्या पाकिटात. त्या दिवशी बँकेतले आणि हातातले मिळून गटाकडे ३८,००० रुपये होते. चौघींनी बियाण्यासाठी प्रत्येकी ६,००० मागितले. ते झाले २४,०००. उरले १४,०००. आणि तेवढ्यात आमच्यातली एक ताई, जी शाळेत पोषण आहार शिजवते, तिनं हळूच सांगितलं की पोरीचा नंबर विद्यापीठात नाटकाच्या विभागात लागला आहे, प्रवेशाला आणि वसतिगृहाला मिळून २०,००० पाहिजेत.

एकदम शांतता. मग सगळ्यात मोठ्या काकू बोलल्या. साठी ओलांडलेल्या, गटाच्या पहिल्या दिवसापासूनच्या. म्हणाल्या, "बाई, शेळी घेतली तं पिल्लं देते. मशीन घेतली तं ब्लाउज शिवून पैसा येते. नाटकातून काय येते? अन पोट्टी नाटकात गेली तं तिच्याशी लगन कोण करन?"

आम्ही समन्वयक. आमचं काम भांडण लावणं नाही, मिटवणंही नाही. प्रत्येकीचं म्हणणं वहीत नीट यावं, एवढंच. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी आमच्याकडेही उत्तर नव्हतं. आमचं बी.ए. झालं, कॉलेजात युवा महोत्सवात एकांकिका पाहिल्या, टाळ्या वाजवल्या. पण नाटक हा शिकायचा विषय कसा असतो, त्यात वर्गात काय करतात, हे आम्हालाही ठाऊक नव्हतं.

शेवटी तोडगा निघाला. आधी बियाणं, त्यात वाद नाही. उरलेल्यातून १२,००० आत्ता, २,००० दुखण्याखुपण्यासाठी गटात राहतील, आणि बाकीचे ८,००० कापूस निघाल्यावर. शिक्षणाच्या कर्जाची आमची मर्यादा १०,००० होती, ती ठराव करून २०,००० केली. व्याज शेकडा १ रुपया महिना, मुद्दलाचा हप्ता ५००. काकूंनी सही केली, पण म्हणाल्या, "दुसऱ्या हप्त्याच्या आधी तपासणी झाली पाह्यजे."

आमच्या गटाचा हा जुना नियम आहे. कर्ज दिलं की महिनाभरात दोघी जणी जाऊन पाहतात. शेळीसाठी घेतलं तर गोठ्यात शेळी आहे का? मशीनसाठी घेतलं तर मशीन घरात आहे का? त्यात अविश्वास नाही, ती आपल्याच पैशाची काळजी आहे. पण नाटकाची तपासणी कशी करायची? गोठ्यात जाऊन नाटक दिसणार आहे थोडंच?

पुढे काय झालं ते तुमच्याही गावात झालं असेल. सोयाबीन काढायला आलं आणि पाऊस आला. वेचणीला आलेला कापूस भिजला. बियाण्याच्या चार कर्जांपैकी तिघींचं फेब्रुवारीपर्यंत पुरतं फिटलं नव्हतं. पोषण आहारवाल्या ताईचे मात्र जुलै ते फेब्रुवारी आठही हप्ते वेळेवर आले, ४,००० मुद्दल परत. तरी ८,००० द्यायची वेळ आली तेव्हा बैठकीत आवाज चढले. "आमच्याच घरात पैसा नाई, अन इथं नाटकाले देता?" बोलणारीचंही चुकत नव्हतं. तिच्या डोक्यावर पुढच्या जूनचं बियाणं होतं.

नेमका त्याच आठवड्यात पोरीचा फोन आला. आमच्या विभागाचा नाट्यहंगाम आहे, चार दिवसांत चार नाटकं आहेत, तुम्ही सगळ्या या. काकू म्हणाल्या, "चला, करू तपासणी." ठरलं, पाच जणी जायच्या, तिकीट ज्याचं त्यानं काढायचं, गटाचा एक पैसा वापरायचा नाही. एसटीत आता बायांना अर्धं तिकीट आहे, ते कामी आलं. पहाटेची गाडी धरून वणी, तिथून पुढची गाडी. भाकरी, ठेचा, पाण्याच्या बाटल्या, आणि काकूंच्या पिशवीत गटाची ठरावाची वही.

हंगाम हा शब्द ऐकून आम्हाला आपली झाडीपट्टी आठवली. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडे ज्यांची माहेरं आहेत त्यांना माहीत आहे. भाऊबीज झाली, मंडई भरली की नाटकं सुरू होतात, ती होळीपर्यंत. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्या कंपन्यांचं मुख्य गाव. रात्री पडदा उघडतो तो पहाटेच मिटतो. लोक चादरी घेऊन येतात, लेकी-जावई येतात, त्याच रात्रीत सोयरीकसुद्धा जुळते. धान कापून हातात पैसा आला की नाटक, असं ते पिकाशी बांधलेलं आहे. त्याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे नाटकाचा हंगाम आपल्याला नवा नाही. विद्यापीठाचा हंगाम मात्र वेगळा असतो. तो पिकाशी नाही, परीक्षेशी बांधलेला. वर्षभर जे शिकले ते सहामाहीच्या शेवटी लोकांसमोर उभं करून दाखवायचं. तोच त्यांचा पेपर. मास्तर गुण देतात, आणि समोर बसलेले लोकही आपल्या परीनं देतात.

आपल्या राज्यात अशी शिक्षणाची ठिकाणं बरीच आहेत. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र १९८७ साली सुरू झालं. 'महानिर्वाण' लिहिणारे सतीश आळेकर तिथे बरीच वर्षं प्रमुख होते. मुंबई विद्यापीठात २००३ साली नाट्यशिक्षणाची अकादमी निघाली, ती उभी केली वामन केंद्रे यांनी. ते बीड जिल्ह्यातल्या खेड्यातले. पुढे ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले. छत्रपती संभाजीनगरला मराठवाड्याच्या विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे. आणि आपल्या शेजारच्या वर्ध्याला हिंदी विद्यापीठ आहे, तिथेही नाटक शिकवतात. पुण्यामुंबईच्या श्रीमंत पोरांचं काम आहे असं आम्ही समजत होतो, तसं ते नाही.

आता पोहोचल्यावर काय झालं ते ऐका. संध्याकाळी आम्ही नाट्यगृहात शिरलो. आई डोळे ताणून पोरीला शोधत होती. आणि पोरगी दिसली ती कुठं? डोक्याला फडकं बांधून खुर्च्या ओढत होती! नंतर शिडीवर चढली आणि वर दिवे बांधायला लागली. नाटक सुरू झालं तरी ती रंगमंचावर आलीच नाही. काकूंनी आमच्या कानात म्हटलं, "वीस हजारात पोट्टी खुर्च्या उचलाले आली काय व?" आईचा चेहरा उतरला. आम्हालाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलायचं.

नाटक संपल्यावर ती धावत आली. काकूंनी सरळ विचारलं. तर ती हसली आणि तिनं आम्हाला मागे नेलं. तिथे भिंतीवर एक मोठा तक्ता लावला होता. आडवी चार नाटकं, उभी वर्गातल्या पोरापोरींची नावं. प्रत्येकाला चारही नाटकांत काम, पण प्रत्येक वेळी वेगळं. एकात पात्र करायचं, दुसऱ्यात दिवे, तिसऱ्यात कपडे आणि सामान, चौथ्यात तिकिटाचं टेबल आणि हिशेब. झाडू मारण्याची पाळी सगळ्यांना, त्यात सुटका नाही. तिची दिव्यांची पाळी त्या दिवशी होती. ती म्हणाली, "काकू, तुम्हाला पहाट झाल्यासारखं वाटलं ना मघाशी? ती पहाट मी केली."

खरंच आम्हाला ती पहाट वाटली होती. दिवे एकदम लावायचे नाहीत, कळ हळूहळू वर न्यायची. कोणत्या रंगाचा पातळ कागद दिव्यापुढे लावला की ऊन वाटतं, कोणत्यानं चांदणं, ते तिनं दाखवलं. मग तिनं कपड्यांची पेटी उघडली. पुढच्या नाटकासाठी जुन्या बाजारातून लुगडी आणली होती, आणि नऊवारी कशी नेसतात ते तिनं आईला फोन करून विचारलं होतं. आई म्हणाली, "मले वाटलं हे सहजच विचारून राह्यली."

आणि शेवटी तिनं एक वही काढली. चार नाटकांच्या खर्चाची वही. तारीख, पावती नंबर, जमा, खर्च, शिल्लक. आमच्या सचिव ताईंनी ती हातात घेतली, दोन पानं उलटली, आणि एका ठिकाणी बोट ठेवून विचारलं, "या ८० रुपयांची पावती कुठाय?" पोरगी म्हणाली, रिक्षाचे आहेत, पावती मिळाली नाही, म्हणून दोघांच्या सह्या घेतल्या. खाली सह्या होत्या. ही पद्धत आमच्या गटाची! लहानपणी आईबरोबर बैठकीला येऊन कोपऱ्यात बसायची ना, तिथंच ती शिकली. तिच्या मॅडम म्हणाल्या की वर्गात हिशेब हिच्याकडेच देतात.

आम्ही दोन नाटकं पाहिली. पहिलं महात्मा फुल्यांचं 'तृतीय रत्न'. जोतिरावांनी ते १८५५ साली लिहिलं. फुल्यांना आपण शाळांसाठी ओळखतो, पण त्यांनी नाटक लिहिलं हे आमच्यातल्या चौघींना माहीत नव्हतं. एक कुणब्याची गरोदर बाई, तिला ग्रहांची भीती घालून जोशी तिच्याकडून पैसे आणि शिधा उकळतो. नवरा-बायको कर्ज काढून ते करतात. मध्ये मध्ये विदूषक येऊन बोलतो, आणि जे आपल्या मनात आलेलं असतं तेच तो बोलतो. शेवटी त्या दोघांना कळतं की आपण शिकलेलो नाही म्हणून फसतो, आणि ते जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत जायला निघतात. तिसरं रत्न म्हणजे तिसरा डोळा, विद्येचा. त्या काळात बक्षिसासाठी पाठवलेलं हे नाटक सरकारी कमिटीनं नाकारलं होतं. आज पोरं ते परीक्षेला करतात.

दुसरं होतं 'वाडा चिरेबंदी'. हे आपल्या जिल्ह्याच्या माणसानं लिहिलेलं आहे, मैत्रिणींनो. महेश एलकुंचवार. जन्म १९३९ चा, गाव पारवा, जिल्हा यवतमाळ. १९८५ साली हे नाटक पहिल्यांदा झालं, आणि बसवलं होतं एका बाईनं, विजया मेहतांनी. विदर्भातल्या खेड्यातला देशपांड्यांचा वाडा. घरचे मोठे वारले आहेत, मुंबईचा मुलगा आणि सून आले आहेत. तेरवी कशी करायची, पैसा कुठून आणायचा, यावर घरात धुसफूस. जमीन गेली, पैसा गेला, तोरा राहिला. अंगणात एक बंद पडलेला ट्रॅक्टर गंजत उभा आहे, ज्याला त्याला ठेच लागते पण तो कुणी हलवत नाही. आणि त्या घरात एक लेक आहे, प्रभा. हुशार. तिला पुढं शिकायचं होतं, घरच्यांनी शिकू दिलं नाही. लग्नही झालं नाही, तशीच वाड्यात राहिली आहे.

नाटकात प्रभा आपल्या न झालेल्या शिक्षणाबद्दल बोलते तेव्हा आम्ही काकूंकडे पाहिलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. एक अक्षर बोलल्या नाहीत.

नाटकानंतर तिथं एक रीत असते. पोरं रंगमंचाच्या कडेला बसतात आणि पाहणाऱ्यांना विचारतात, काय पटलं, काय चुकलं? शहरातली माणसं दोन-चार वाक्यं बोलली. मग काकू उभ्या राहिल्या. आमचा जीव खाली-वर. काकू म्हणाल्या, "बाकी सगळं बरोबर केलं पोरायहो. पण त्या वहिनीनं सूप धरलं ना, तसं नाई धरत. तसं पाखडलं तं दाणे बाहेर अन कचरा आत." लोक हसले. त्यांच्या मॅडम मात्र उठल्या, सूप घेऊन आल्या आणि काकूंच्या हातात दिलं. काकूंनी भर रंगमंचावर पाखडून दाखवलं, मनगट कसं उचलायचं, फटका कुठं द्यायचा. वहिनीचं काम करणारी मुलगी शेजारी उभी राहून शिकली. शहरातली होती ती, सूप तिनं नाटकाच्या निमित्तानंच हातात घेतलं होतं.

तिथंच आमच्या लक्षात आलं की हे शिक्षण म्हणजे फक्त तोंडाला रंग लावणं नाही. दुसऱ्याचं जगणं नीट पाहणं, ते हातात येईपर्यंत करून पाहणं, आणि चुकलं तर सगळ्यांसमोर ऐकून घेणं, हे ते शिकतात. हे कोणत्या कामात लागत नाही?

आता काकूंचा दुसरा प्रश्न. लग्न कोण करेल? हा प्रश्न फार जुना आहे. मराठी नाटक सुरू झालं १८४३ साली, सांगलीला, विष्णुदास भाव्यांच्या 'सीता स्वयंवर'नं. सीतेचं काम पुरुषानंच केलं. पुढं बालगंधर्व तर लुगडं नेसून उभे राहिले की बाया त्यांच्यासारखी नेसण शिकायच्या. आपल्याकडे दिवाळीत दंडार निघते, त्यातही पोरंच बाई होऊन नाचतात. म्हणजे बाईचं सोंग चालतं, बाई चालत नाही, असं होतं. १९३३ साली मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' नाटकात बायांची कामं ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक या बायांनीच केली, तेव्हा ती मोठी गोष्ट ठरली. पुढं रोहिणी हट्टंगडींसारख्या बाया दिल्लीच्या नाट्य विद्यालयात रीतसर शिकल्या. त्यांची कस्तुरबा आपण 'गांधी' सिनेमात पाहिली आहे.

आणि दूर कशाला जायचं? जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं साहित्य संमेलन झालं. त्याचं उद्घाटन कुणी केलं? कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकऱ्याची बायको, नवऱ्यानं आत्महत्या केलेली. त्या 'तेरवं' नावाच्या नाटकात काम करत होत्या. श्याम पेठकरांनी लिहिलेलं, हरीश इथापेंनी बसवलेलं ते नाटक, आणि त्यात आपल्यासारख्याच शेतकरी घरातल्या एकट्या बाया रंगमंचावर येऊन आपलं सांगतात. 'वाडा चिरेबंदी'त तेरवीचा खर्च हा घरच्या मानाचा प्रश्न आहे. 'तेरवं'मध्ये तेरवीनंतर मागं राहिलेल्या बाईचं काय, हा प्रश्न आहे. दोन्ही नाटकं आपल्याच मातीतली. मंचावर उभं राहिल्यानं त्या बायांची अब्रू गेली नाही. उलट जे घरात कुणी ऐकून घेत नव्हतं, ते चार जिल्ह्यांनी ऐकलं.

पण मैत्रिणींनो, आम्ही तुम्हाला फक्त गोड गोड सांगणार नाही. काळजीचे प्रश्नही आम्ही विचारले. पहिला, पोरी रात्री उशिरापर्यंत तालीम करतात, मग वसतिगृहात कशा जातात? मॅडमनी सांगितलं, गटानं जातात, रजिस्टरला वेळ लिहितात. दुसरा, कुणी त्रास दिला तर? २०१३ च्या कायद्यानं जिथं दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथं अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे, आणि तिची प्रमुख बाईच असते. विद्यापीठालाही तो नियम आहे. आम्ही म्हटलं, फलक दाखवा. त्यांनी नेऊन दाखवला, त्यावर नावं आणि फोन नंबर होते. काकूंनी नंबर आमच्याकडून वहीत उतरवून घेतला. तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड, पोट भरेल का?

याचं उत्तर मॅडमनी खरं दिलं. म्हणाल्या, नोकरीची हमी देत नाही. सिनेमात, मालिकेत नाव होणारे थोडे असतात. पण दिवे, नेपथ्य, वेशभूषा यांची कामं असतात. झाडीपट्टीच्या कंपन्यांना हंगामात माणसं लागतात. शाळांमध्ये, संस्थांमध्ये नाट्यशिबिरं घेता येतात. एम.ए.नंतर नेट परीक्षा पास झाली तर कॉलेजात शिकवता येतं, नाट्य हा त्या परीक्षेतला विषय आहे. मेहनत आणि नशीब, दोन्ही लागतं. आमच्यातली एक जण म्हणाली, "म्हणजे कापसावानीच." मॅडम हसल्या, पण ते खरंच आहे. कापसाची तरी हमी कोण देतं? तरी आपण पेरतोच ना.

परतीच्या गाडीत काकू बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या. वरोरा गेल्यावर बोलल्या. त्या चौथी पास. पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती, वडील म्हणाले, पुरे झालं. "त्या वाड्यात पैसा होता तईही पोरीले शिकवलं नाई. आमच्या घरी नव्हता, तईही नाई शिकवलं. मंग पैशाचं तं कारणच नव्हतं, बाई." एवढंच बोलल्या आणि भाकरीचं फडकं झटकून घडी घातली.

५ मार्चच्या बैठकीत विषय निघाला. काकूंनी तपासणीचा अहवाल दिला: "शेळी गोठ्यात हाय, चारा खाते, दूध कधी देईल सांगता येत नाई." सगळ्या हसल्या. मग हात वर केले. नऊ जणी बाजूनं, दोघी विरुद्ध. पोरीच्या आईनं हात वर केला नाही, कारण कर्ज तिचं होतं. विरुद्ध असलेल्या दोघींचं म्हणणं वहीत लिहिलं आहे: बियाण्याची थकबाकी असताना मोठं कर्ज देऊ नये. ते म्हणणं चुकीचं नाही, म्हणून त्यावर ठरावही झाला. येत्या जूनमध्ये आधी बियाणं, आणि पोरीच्या दुसऱ्या वर्षाची मागणी तोपर्यंत करायची नाही. ज्या तिघींची बाकी आहे त्यांना होळीनंतरच्या मजुरीतून लहान हप्ते बांधून दिले. आणि त्याच दिवशी ८,००० रुपये आईच्या खात्यात गेले.

पोरीवरही एक अट आहे. मे महिन्याच्या सुट्टीत ती गावात येऊन आपल्या बायांचं तीन दिवसांचं शिबिर घेणार. विषय बायांनीच निवडला आहे: सातबाऱ्यावर बाईचं नाव. काकूंनी आधीच सांगून ठेवलं आहे की त्या तलाठ्याचं काम करणार.

आता तुमच्या गटांसाठी चार गोष्टी, आमच्या चुकांतून शिकलेल्या.

एक. प्रवेश जून-जुलैत असतात आणि बियाणंही तेव्हाच. त्यामुळे दोन्ही कर्जं एकमेकींच्या आड येतात. दिवाळीनंतर हातात पैसा असतो तेव्हापासून शिक्षणाचा निधी वेगळा साठवा. बचतीतून महिन्याला दहा-वीस रुपये बाजूला काढले तरी जूनमध्ये भांडण कमी होतं. आम्ही यंदापासून सुरू केलं आहे.

दोन. कर्जाआधी शिष्यवृत्ती पाहा. महाडीबीटीवर दहावीनंतरच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेलं बँक खातं, हे मे महिन्यातच तयार ठेवा. आमच्या पोरीचा उत्पन्नाचा दाखला उशिरा निघाला, म्हणून पहिला हप्ता मोठा द्यावा लागला. बऱ्याच विद्यापीठांत कमवा आणि शिका योजनाही असते, त्याची चौकशी करा.

तीन. कोणतंही शिक्षण असो, नर्सिंग, आयटीआय किंवा नाटक, तीन प्रश्न विचारा: राहायची सोय कुठं, फीची पावती मिळते का, आणि तक्रार समितीचा फलक कुठं लावला आहे? विचारायला लाजू नका. आपल्या घामाचा पैसा आहे.

चार. जाऊन पाहा. आम्ही गेलो नसतो तर ८,००० रुपये अडले असते, आणि ती पोरगी शिडीवरून खाली उतरून घरी आली असती. न पाहता नाही म्हणणं सोपं असतं. न पाहता हो म्हणणंही तितकंच सोपं असतं. दोन्हींत गटाचं नुकसान आहे.

शेवटी एवढंच. कर्ज अजून फिटायचं आहे. १६,००० मुद्दल बाकी आहे, हप्ते चालू आहेत. पोरगी पुढं काय होईल ते आम्हाला माहीत नाही, तिलाही नाही. पण या वर्षी आमच्या वहीत शेळी, मशीन, बियाणं यांच्याखाली एका ओळीत 'नाट्यशिक्षण' असं लिहिलं गेलं, आणि त्याच्यापुढं बारा सह्या आहेत. विरोध केला होता त्या दोघींच्याही.

तुमच्या गटानं असं वेगळं काही कर्ज दिलं असेल, किंवा नाकारलं असेल, तर आम्हाला कळवा. नाकारलं असेल तर का, तेही सांगा. पुढच्या वेळी त्यावर बोलू. तोपर्यंत मुकुटबनच्या आम्हा सगळ्यांचा नमस्कार.